डायनोचा कागद आणि वाढलेले घोडे

हॉस्टेलच्या कट्ट्यावर रात्री अकरानंतर जे विषय निघतात, त्यात गाड्यांचा नंबर बराच वरचा. कोणाच्या तरी मावसभावाने टर्बो गाडी ‘रिमॅप’ करून घेतलेली असते आणि “डायरेक्ट तीस घोडे वाढले!” हे वाक्य आलं की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, शक्य आहे. दुसरी म्हणते, थापा आहेत. पण हे तीस घोडे मोजले कोणी, कशावर आणि कसे, हे मात्र कोणीच विचारत नाही. मित्रांनो, आपण उद्याचे इंजिनिअर (केटी सुटल्या तर!). तेव्हा हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

उदाहरणाला एक ओळखीची गाडी घेऊ. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणला बनलेली, २०१३ मध्ये बाजारात आलेली. इंजिन ११९७ सीसी, चार सिलिंडर, टर्बो. कंपनीचे आकडे असे: ५००० आरपीएमला १०५ पीएस आणि १५०० ते ४१०० आरपीएमपर्यंत १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. २०२० मध्ये या इंजिनाची जागा एक लिटरच्या इंजिनाने घेतली आणि २०२२ मध्ये पोलोचं भारतातलं उत्पादनच थांबलं. तरी सेकंडहँड गाड्या घेऊन ट्यून करणारे भरपूर आहेत.

टर्बोच का?

साध्या इंजिनात हवा येते ती वातावरणाच्या दाबाने, जेवढी येईल तेवढी. तिथे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून हाती फारसं लागत नाही. टर्बोत मात्र किती दाबाने हवा कोंबायची हे ईसीयू ठरवतो. वेस्टगेट उशिरा उघडला की बूस्ट वाढतो, हवेचं वस्तुमान वाढतं, त्या हिशेबाने पेट्रोल वाढतं आणि ताकद वाढते. खराब पेट्रोल, मे महिन्याचं ऊन, घाटातली चढण आणि गिअरबॉक्सचं आयुष्य या सगळ्यासाठी कंपनीने थोडी गुंजाइश राखलेली असते. ट्यूनर ती गुंजाइश खर्च करतो. म्हणजे ताकद खरंच वाढते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आकड्याचा.

घोडा म्हणजे किती?

जेम्स वॉटने एक घोडा धरला तो मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कामाचा, म्हणजे ७४५.७ वॅट. युरोपातला मेट्रिक घोडा, म्हणजे पीएस, ७३५.५ वॅटचा. दोघांत दीड टक्क्याहून कमी फरक आहे, पण १०५ पीएस म्हणजे १०३.६ एचपी. ब्रोशरचा आकडा एका घोड्यात आणि डायनोचा कागद दुसऱ्या घोड्यात, असं झालं की दीड घोडा हिशेबातच इकडचा तिकडे होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉवर थेट मोजताच येत नाही. मोजतात ते टॉर्क आणि फेरे, आणि त्यावरून गुणाकार करतात. लॅबमध्ये आपण ड्रमला दोर गुंडाळून, स्प्रिंग बॅलन्सचं रीडिंग घेऊन जर्नल भरतो ना, तेच. फ्रान्सच्या द प्रोनीने १८२१ मध्ये असाच ब्रेक वापरला होता. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ या शब्दातला ब्रेक तोच! सूत्र सोपं आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९ बरोबर किलोवॅट. पोलोचं बघा. १७५ गुणिले ४१०० भागिले ९५४९ केलं की ७५ किलोवॅट, म्हणजे १०२ पीएस येतात. ५००० आरपीएमला १०५ होतात, तेव्हा आकडे एकमेकांशी जुळतात.

याच सूत्रातून एक झटपट परीक्षा निघते. ग्राफमध्ये टॉर्क पौंड-फुटात, पॉवर एचपीत आणि दोन्हींचं प्रमाण एकच असेल, तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमवर एकमेकींना छेदल्याच पाहिजेत. तसं होत नसेल तर कागदात काहीतरी गडबड आहे.

चाकावर की फ्लायव्हीलवर?

कंपनीचा आकडा इंजिन टेस्ट बेंचवर, क्रँकशाफ्टशी मोजलेला असतो. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था हे काम प्रमाणित करतात. गॅरेजमधला चेसिस डायनो मात्र चाकाशी मोजतो. मध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर आपापला वाटा खातात. म्हणून ‘ब्रोशरला १०५ होते, डायनोवर १०६ आले, म्हणजे एकच घोडा वाढला’ हेही चूक, आणि ‘चाकावर ८७ आले, गाडी बाद आहे’ हेही चूक.

डायनो मुख्यतः दोन जातींचे. पहिला इनर्शिया डायनो: जड रोलर, त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया माहीत. चाकाने रोलर किती झपाट्याने फिरवला यावरून टॉर्क काढायचा. दुसरा लोड डायनो: रोलरला एडी करंट ब्रेक लावलेला, हवा तेवढा लोड देता येतो. टर्बो गाडीला हा फरक फार जाणवतो. हलक्या रोलरवर, खालच्या गिअरमध्ये इंजिन इतक्या पटकन वर जातं की टर्बोला पूर्ण बूस्ट बनवायला वेळच मिळत नाही. शिवाय इनर्शिया डायनोवर स्वतःची चाकं फिरवण्यातही ताकद जाते. त्यामुळे नुसती हलकी अलॉय चाकं लावली तरी कागदावर ताकद वाढलेली दिसते, इंजिन आहे तिथेच असतं. दोन वेगळ्या डायनोंवरचे आकडे एकमेकांतून वजा करायचे नाहीत, ते यासाठीच.

आता ‘लॉस’. बरेच जण चाकावरच्या आकड्याला ०.८५ ने भागून मोकळे होतात. पण गिअरबॉक्समधलं तेल घुसळण्याचं नुकसान वेगावर अवलंबून असतं. इंजिनची ताकद वीस टक्क्यांनी वाढली म्हणून ते वीस टक्क्यांनी वाढत नाही. चाकावर १९ घोडे वाढले असतील तर ०.८५ ने भागून ‘फ्लायव्हीलवर २२’ म्हणताना तीन घोडे भागाकाराने दिले, ट्यूनरने नाही. चांगल्या डायनोवर रन संपल्यावर गाडी न्यूट्रलला टाकून रोलर थांबेपर्यंतचं नुकसान मोजतात. तो अंदाज निदान मोजलेला तरी असतो.

हवामानाची गुणपत्रिका

हा भाग सगळ्यात गमतीचा. गरम आणि विरळ हवेत इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणून मोजलेल्या आकड्याला करेक्शन फॅक्टरने गुणून तो प्रमाण हवामानाला आणतात. एसएई जे-१३४९ या पद्धतीत प्रमाण म्हणजे २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब. जुनी ‘एसटीडी’ पद्धत थंड आणि जास्त दाबाची हवा धरते, तिचा आकडा एसएईपेक्षा सुमारे चार टक्के जास्त येतो. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एसएई लिहिलंय की एसटीडी, हे आधी वाचा.

आता पुण्यासारखी जागा घ्या, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. समजा तापमान ३२ अंश आणि कोरड्या हवेचा दाब ९३ किलोपास्कल. एसएईच्या सूत्रात घातलं की फॅक्टर येतो १.०९. म्हणजे ९ टक्के बक्षीस! साध्या इंजिनला ते रास्त आहे, कारण त्याचं तेवढं नुकसान खरंच झालेलं असतं. पण टर्बो गाडीत ईसीयू मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. बाहेर दाब कमी झाला की टर्बो थोडा जास्त फिरून भरपाई करतो. टर्बोची ऐपत संपेपर्यंत दाबामुळे होणारं नुकसान जवळपास नसतंच. तरी सॉफ्टवेअर फॅक्टर लावतं आणि न झालेल्या नुकसानीची भरपाई देतं. ग्रेस मार्क नापास मुलाला द्यायचे असतात, फर्स्ट क्लासवाल्याला नाही! निरपेक्ष दाब राखणाऱ्या इंजिनला बाहेरच्या दाबाचं करेक्शन लावू नये असं एसएईचं मानकच सांगतं. वरच्या ९ टक्क्यांतले साडेसात टक्के नुसत्या दाबाचे आहेत.

तापलेला इंटरकूलर

या पोलोचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्याने थंड होणारा आहे. डायनोवर गाडी जागेवर उभी, समोर एक पंखा. रस्त्यावर १०० च्या वेगाने मिळणारा वारा तो पंखा कुठून देणार? एका पाठोपाठ रन घेतले की पाणी तापतं, आत जाणारी हवा तापते, नॉकिंग टाळायला ईसीयू स्पार्क मागे घेतो आणि ताकद पडते. म्हणजे थंड गाडीचा पहिला रन आणि तापलेल्या गाडीचा चौथा रन यांत काहीही न बदलता फरक दिसतो. म्हणून प्रत्येक रनबरोबर इनटेक हवेचं तापमान नोंदवलंच पाहिजे. टायरमधली हवा आणि गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताणही सारखा हवा.

तीस घोड्यांचं पोस्टमॉर्टम

आता एक काल्पनिक उदाहरण. समजा ट्यूनच्या आधी चाकावर तीन रन आले: ८८.१, ८७.२, ८६.३ एचपी. सरासरी ८७.२. ट्यूननंतर १०८.४, १०५.९, १०३.७. सरासरी १०६. खरी वाढ सुमारे १९ एचपी. उत्तम वाढ आहे, लाजण्यासारखं काही नाही.

पण विकणारा काय करतो? नंतरचा सगळ्यात चांगला रन घेतो आणि आधीचा सगळ्यात वाईट. फरक २२.१. तो ०.८५ ने भागतो, झाले २६. त्यावर ९ टक्के करेक्शन, झाले २८.३. पीएसमध्ये लिहिले की २८.७. तोंडाने सांगताना “तीस”. कुठेही धडधडीत खोटं बोललेलं नाही, तरी १९ चे ३० झाले!

यावर उपाय आपल्या लॅबमधलाच आहे. एकच डायनो, एकच दिवस, एकच गिअर, एकच पेट्रोल. आधी किमान तीन रन, नंतर किमान तीन रन, आणि जमलं तर ईसीयूत पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकून परत तीन. मूळ आकडे परत आले तरच फरक ट्यूनचा. तसंच, तीन रनमधला आपसातला फरक दोन घोड्यांचा असेल, तर नवा एअर फिल्टर लावून ‘दीड घोडा वाढला’ या दाव्याला अर्थ नाही.

कंपन्यांनाही हा धडा मिळालेला आहे. फोर्डने १९९९ ची मस्टँग कोब्रा ३२० एचपीची म्हणून विकली. गिऱ्हाइकांच्या गाड्या तेवढी ताकद देईनात, तेव्हा विक्री थांबवून गाड्या दुरुस्त करून द्याव्या लागल्या. २००५ मध्ये एसएईने साक्षीदारासमोर चाचणी घेऊन आकडा प्रमाणित करायची पद्धत आणली. त्या सुमारास नव्या मोजणीने काही गाड्यांचे आकडे इंजिन न बदलता खाली आले. टोयोटा कॅमरीचं तीन लिटरचं व्ही-६ इंजिन २१० वरून १९० वर उतरलं. उलट कॉर्व्हेट झेड-०६ चं ५०० वरून ५०५ झालं.

डायनो नसेल तर?

वस्तुमान आणि वेग माहीत असेल तर रस्ताच डायनो. गाडी आणि दोन माणसं मिळून १२५० किलो धरा. ६० ते १०० किलोमीटर वेगापर्यंत गतिज ऊर्जा वाढते सुमारे ३०९ किलोज्यूल. समजा आधी ५.५ सेकंद लागले आणि नंतर ४.७, तर सरासरी पॉवर ५६ वरून साधारण ६६ किलोवॅटवर गेली. वाढ सुमारे १३ पीएस. हवेचा आणि टायरचा विरोध दोन्ही वेळी सारखाच, म्हणून फरकात तो फारसा आड येत नाही. मात्र रस्त्याचा चढ आड येतो. डोळ्याला न दिसणारा एक टक्का चढ या वेगाला जवळपास पावणेचार पीएस खातो! म्हणून दोन्ही दिशांनी रन घेऊन सरासरी काढायची, वेळ जीपीएस लॉगरने घ्यायची. आणि हा उद्योग बंद ट्रॅकवरच. कॉलेजच्या गेटसमोरचा रस्ता ही टेस्ट बेंच नाही.

इतकं मोजायचं कशाला?

कारण प्रश्न फुशारकीचा नाही. या पोलोच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादा आहे २५० न्यूटन-मीटर. मूळ १७५ असताना ७५ ची गादी होती. ट्यून करून समजा २३० केले, तर उरले २०. बूस्टचा एक झटका आला, कागदावरचं स्मूदिंग जास्त ठेवल्याने तो दिसलाच नाही, तर गादी संपली. गिअरबॉक्सचं बिल आलं की वाढलेल्या घोड्यांचा चारा किती महाग ते कळतं. म्हणून नुसता पॉवरचा शेंडा बघू नका. टॉर्कची पूर्ण रेषा, बूस्ट, एअर-फ्युएल रेशो आणि नॉकिंगमुळे मागे घेतलेला स्पार्क, हे चारही लॉग मागा. वॉरंटी आणि विमा यांचे प्रश्न वेगळेच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ ही गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, तेही वाचून ठेवा.

तेव्हा कोणी “तीस घोडे वाढले” म्हणाला की भांडू नका. शांतपणे पाच प्रश्न विचारा: कोणता डायनो? चाकावर की फ्लायव्हीलवर? कोणतं करेक्शन? आधीचे आणि नंतरचे किती रन? इनटेकचं तापमान किती? पाचही उत्तरं नीट मिळाली तर त्याला कटिंग पाजा, माणूस मोजून बोलतोय. आणि फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय सापडत नसेल, तर ‘टर्बो इंजिनला करेक्शन फॅक्टर लावावा का?’ हा घ्या. एक गाडी, एक डायनो आणि मुंबई, पुणे, महाबळेश्वर अशा तीन उंचीच्या जागांची लॉगरवरची रीडिंग. गाईड सर खूश होतील आणि आउटपुट मिळेल ते स्वतः मोजलेलं असेल.