जुना संगणक, दूरध्वनीची तार आणि इंटरनेट

दूरध्वनीची तार मुळात मनुष्याचा आवाज वाहून नेण्याकरिता टाकण्यात आली. सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्या पट्ट्यातील ध्वनीच तिच्यातून पलीकडे पोचतात आणि बोलणे समजावयास तेवढे पुरेसे असते. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोनच चिन्हांची. ही चिन्हे ध्वनीत रूपांतरित करून तारेवर सोडणारे, आणि पलीकडून आलेल्या ध्वनीची पुन्हा चिन्हे करणारे उपकरण म्हणजे मोडेम होय. जोडणी होताना जो विचित्र किरकिराट ऐकू येत असे, तो दोन मोडेमांनी कोणत्या वेगाने बोलावयाचे याविषयी एकमेकांशी चालविलेला विचारविनिमय असे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांकरिता इंटरनेट सेवा सुरू केली. प्रारंभीची केंद्रे महानगरांत होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्रात परवानगी देण्यात आली आणि त्यानंतर ही सेवा जिल्ह्याच्या गावी पोचू लागली. तोवर मोठ्या शहरातील केंद्राला एसटीडीने दूरध्वनी करण्यावाचून गत्यंतर नव्हते. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होत असल्याने अनेक घरांतील विद्यार्थी त्या वेळेची वाट पाहत जागे असत. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक होता.

आज ही पद्धत जवळजवळ लोप पावली आहे. अमेरिकेतील एओएल या कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. तरीही हा विषय निरुपयोगी झालेला नाही. वडिलांचा ४८६ किंवा पहिल्या पेंटियमचा संगणक माळ्यावर आहे, त्यात घराण्याची वंशावळ आहे, एखाद्या संस्थेची जुनी इतिवृत्ते आहेत, ती कशी बाहेर काढावी, अशी विचारणा अनेकदा होते. त्याचे उत्तर समजण्यासाठी हे संगणक बाहेरच्या जगाशी कसे जोडले जात, हे ठाऊक असावे लागते.

मोडेम दोन प्रकारचे. एक संगणकाच्या आत बसविण्याचा आणि दुसरा बाहेर ठेवून मागील सीरियल पोर्टला, म्हणजे नऊ अथवा पंचवीस पिनांच्या जोडणीला, लावण्याचा. जुन्या संगणकास बाहेरचाच बरा. आतील स्वस्त मोडेमांपैकी पुष्कळसे आपले काम स्वतः न करता संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलीत आणि ४८६ ला तो भार पेलत नसे. बाहेरच्या मोडेमचीही एक अट होती. सीरियल पोर्टमधील यूएआरटी ही चिप जुन्या ८२५० अथवा १६४५० जातीची असेल, तर ती एका वेळी एकच अक्षर हाती धरी. ते उचलण्यास संगणकाला क्षणाचा विलंब झाला, की मागून येणारे अक्षर गळून पडे. १६५५०ए या चिपमध्ये सोळा अक्षरे साठविण्याची सोय असल्याने वेगवान मोडेम तिच्यावर सुरळीत चाले.

सर्वांत अधिक मनस्ताप देणारी बाब वेगळीच होती. कॉम-१ व कॉम-३ ही दोन पोर्टे प्रोसेसरला हाक मारण्यासाठी आयआरक्यू ४ ही एकच ओळ वापरीत. कॉम-२ व कॉम-४ यांची सामाईक ओळ आयआरक्यू ३ होती. माऊस कॉम-१ वर आणि आतील मोडेम कॉम-३ वर असला, की नंबर फिरविताच माऊस गोठून जाई. आमच्या घरी हा प्रकार दोन आठवडे चालला. संगणक विकणाऱ्याने मोडेम सदोष ठरवून दुसरा घ्यावयास लावला, तोही तसाच वागला. अखेर कार्डावरील एक चिमुकला जंपर काढून मोडेम कॉम-२ वर नेल्यावर सारे ठीक झाले. दुसऱ्या मोडेमचे पैसे मात्र गेले.

विंडोज ३.१ मध्ये इंटरनेटचे टीसीपी/आयपी नियम अंतर्भूत नव्हते. त्याकरिता ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथील पीटर टॅटॅम यांचा ट्रम्पेट विनसॉक हा प्रोग्राम जगभर वापरला गेला. त्यांच्या पदरी पडलेला मोबदला मात्र त्या मानाने फार थोडा होता. विंडोज ९५ मध्ये डायल-अप नेटवर्किंगची सोय आली, तरी टीसीपी/आयपी आपण होऊन निवडावे लागे, आणि ते राहून गेल्यास जोडणी होऊनही एकही पान उघडत नसे.

आपल्याकडील डायल टोन अनेक परदेशी मोडेमांना ओळखू येत नसे. तार जिवंत असूनही ‘नो डायलटोन’ असा शेरा मिळे. अशा वेळी मोडेमच्या आज्ञेत ‘एक्स३’ घातले, की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवी. जुन्या दूरध्वनी केंद्रावर टोनऐवजी पल्स पद्धत, म्हणजे एटीडीटीऐवजी एटीडीपी ही आज्ञा, द्यावी लागे. जोडणी झाल्यावर पडद्यावर १,१५,२०० असा आकडा दिसला, तर तो पुष्कळदा केवळ संगणक आणि मोडेम यांमधील वेग असे. तारेवरचा वेग त्याहून पुष्कळ कमी. २८,८०० च्या मोडेमवर एक मेगाबाइट उतरविण्यास पाच-सहा मिनिटे लागत, आणि तेवढ्यात कुणी दुसऱ्या खोलीतील समांतर दूरध्वनी उचलला, की जोडणी तुटे. शिवाय तेवढा वेळ बाहेरून कुणाचाही दूरध्वनी घरी लागत नसे. एका रात्री काकांना इस्पितळात हलविल्याचा निरोप आम्हांला असाच पहाटे मिळाला. त्यानंतर वडिलांनी रात्रीच्या वापराला अर्ध्या तासाची मर्यादा घातली.

असा संगणक आज पुन्हा इंटरनेटला जोडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती जुलै २००६ मध्येच थांबली. आजची संकेतस्थळे ज्या सांकेतिक जोडणीचा आग्रह धरतात, ती त्या काळच्या ब्राउझरांना साधत नाही. फायबरवरील दूरध्वनीत आवाजाचे लहान लहान तुकडे करून पाठविले जातात, त्यामुळे मोडेमांचे बोलणेही मध्येच तुटते.

कागदपत्रे काढावयाची असतील, तर सीरियल पोर्टच उपयोगी पडते. नल-मोडेम केबलचे एक टोक जुन्या संगणकास व दुसरे यूएसबी-सीरियल परिवर्तकामार्फत नव्या संगणकास लावावे, आणि जुन्यावरील हायपरटर्मिनलमधून झेडमोडेम पद्धतीने फायली पाठवाव्यात. नव्या संगणकावरही ही पद्धत जाणणारा टर्मिनल प्रोग्राम हवा. १,१५,२०० च्या वेगाने वीस मेगाबाइटला अर्धा तास पुरतो. हार्ड डिस्क काढून आयडीई-यूएसबी परिवर्तकाने वाचणे याहून जलद. परंतु वीस-पंचवीस वर्षे न हललेली डिस्क हाताळताना जपावे लागते.

मराठी मजकुराबाबत एक दक्षता अवश्य घ्यावी. त्या काळी शिवाजी, श्रीलिपी यांसारखे फाँट आपापल्या खाजगी संकेतांवर चालत. युनिकोड नंतर रुळले. फाइल नव्या संगणकावर उघडल्यास मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. मजकूर नष्ट झाला असे समजून ती पुसून टाकू नये. मूळ फाँट कोणता हे कळल्यास परिवर्तक प्रोग्रामने तो युनिकोडमध्ये आणता येतो. म्हणून जुना संगणक बंद करण्यापूर्वी प्रत्येक फाइल त्याच्यावरच एकदा उघडून फाँटचे नाव वहीत टिपून घ्यावे, आणि फाँटची फाइलही सोबत उतरवून घ्यावी.