एमडीचे तीन महिने, मोठ्या रुग्णालयाबाहेरचे

पनवेल-रोहा मार्गावरचे आपटा स्टेशन अनेकांनी पाहिलेले असते, फक्त ते आपटा आहे हे ठाऊक नसते. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटी काजोल धावत गाडी गाठते, ते हेच स्टेशन. गाव पाताळगंगेच्या काठचे, भोवती भातशेती आणि आदिवासी वाड्या. अशा भागात पावसाळ्यात डॉक्टरची खरी परीक्षा घेतो तो साप.

समजा, जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री मण्यार चावली. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात कळ येते, गिळायला त्रास होतो, मग पापण्या जड होतात. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, पुढे अलिबाग, कामोठे किंवा मुंबई, अशी इथल्या रुग्णाची वाट. शेवटच्या टप्प्यावर, अतिदक्षता विभागातल्या निवासी डॉक्टरपुढे तो येतो तेव्हा घशात नळी असते आणि केसपेपरवर 'सर्पदंश' लिहिलेले असते. निदानाची अवघड घटका आधीच कुणीतरी निभावलेली असते, किंवा हुकवलेली असते. एमडीच्या तीन वर्षांत ती घटका त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतेच असे नाही.

हे ओळखूनच २०२० च्या सप्टेंबरमध्ये एमडी-एमएसच्या नियमांत 'डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी' आली. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचे. ते समाधानकारक झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. सुरुवातीला त्यासाठी किमान १०० खाटांचे रुग्णालय लागे, नव्या नियमांत ५० खाटाही चालतात. 'निवासी' हा शब्द आला तो रुग्णालयातच राहणाऱ्या डॉक्टरवरून. आता या निवाशाला बिऱ्हाड हलवावे लागते.

तिथे शिकायचे काय? एक काचेची नळी. स्वच्छ, कोरड्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग अलगद कलंडवायचे. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाची शंका पक्की आणि प्रतिविष सुरू. त्याला यंत्र लागत नाही, लागतो तो धीर. मण्यारीत मात्र ही नळी दगा देते, कारण तिचे विष रक्तावर नव्हे, नसांवर काम करते. रक्त नीट गोठले म्हणून रुग्णाला घरी पाठवणे महागात पडते. तिथे पापण्यांकडेच बघत बसावे लागते, आणि श्वास मंदावला तर हाताने फुगा दाबत गाडीतून पुढच्या रुग्णालयापर्यंत जावे लागते.

लहान जागी फक्त हात घटवले जातात, ज्ञान मोठ्या शहरातच तयार होते, असे मानणाऱ्यांनी याच रायगड जिल्ह्यातले उदाहरण पाहावे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. पुण्यातून एमडी करून ते परत महाडलाच आले, आणि प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीने हे मृत्यू टाळता येतात हे त्यांनी दाखवून दिले. त्यांना कुठल्या नियमाने पाठवले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

तक्रारी आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. राहायला खोली नाही, शिकवायला त्या विषयाचा वरिष्ठ नाही, मूळ विभागात मागे राहिलेल्यांवर रात्रपाळ्यांचा भार, असे ऐकू येते. माझ्या मते यातली शिकवणाऱ्याची उणीव सर्वांत गंभीर. वरिष्ठच नसेल तर ते प्रशिक्षण नव्हे, बिनपगारी बदलीचा माणूस म्हणा. पगार फक्त मूळ कॉलेज देते इतकेच.

आणखी एक मेख आहे. ५० खाटांची अट कितीही सैल वाटली तरी आपट्यासारख्या गावचे आरोग्य केंद्र त्यात बसत नाही. अशा केंद्रात जेमतेम चार-सहा खाटा. एमडी करणारा डॉक्टर तिथवर पोचणार नाहीच. तिथे एमबीबीएस वैद्यकीय अधिकारीच असेल, पहाटे चारला, समोर पोट धरून बसलेला माणूस. पण त्याने वरच्या रुग्णालयात फोन लावला आणि तो उचलणाऱ्याने तीन महिने अशाच ठिकाणी काढलेले असले, तर तो 'पाठवून द्या' म्हणून फोन ठेवणार नाही. आधी विचारील, जमिनीवर झोपला होता का? पापण्या उघडतात का? प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत? आणि गाडीत फुगा दाबायला कोण बसणार आहे?