सोलापुरी खानावळीतली कडक भाकरी

सोलापूरच्या लिंगायत खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसलेला पाहुणा ताटातली कडक भाकरी पाहून हमखास विचारतो, "हा पापड आहे का?"

ती भाकरीच. ज्वारीची किंवा बाजरीची, हाताने थापून जमेल तितकी पातळ केलेली. तव्यावरून उतरली की आचेजवळ उभी करून ठेवतात. ओल पूर्ण निघून जाते आणि मग ती कित्येक दिवस टिकते.

ज्वारी इथली हक्काची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर हे रब्बीचं पीक उभं राहतं.

सोबत शेंगाचटणी. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात कुटायचं. मिक्सरमध्ये नुसती कोरडी भुकटी होते. कुटताना मात्र दाण्यांतलं तेल सुटतं, चटणी लालसर, ओलसर होऊन बोटाला चिकटते. खरी चव त्या तेलातच! वर घट्ट दही घालून कालवायची.

जाणकार आधी भाकरी चुरतात, त्यावर भरल्या वांग्याचा गरम रस्सा ओततात आणि मिनिटभर थांबतात. अर्धी मऊ, अर्धी कुरकुरीत असतानाच पहिला घास घ्यायचा.