कबरीवर फुले कोण ठेवतो?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उजाड माळरान आहे. तेथे हाउंड टॉर या खडकाळ टेकडीपासून मैलभरावर, रस्त्याच्या कडेला एक एकाकी कबर आहे. मातीचा लहानसा उंचवटा आणि उशाला ग्रॅनाइटचा दगड. तिला 'जे'ची कबर म्हणतात. तिच्यावर बारमाही ताजी फुले असतात. ठेवणारा म्हणे कोणाला दिसत नाही. काहीजण सांगतात, पऱ्या ठेवतात. रात्री काळ्या झग्यातील आकृती तेथे गुडघे टेकून बसते, असेही सांगतात.

दंतकथा अशी. किटी जे ही गरीबखान्यात वाढलेली अनाथ पोर. मॅनटन गावाजवळ एका शेतमालकाकडे कामाला लागली. मालकाच्या मुलाने फसवले, तिला दिवस गेले. घरातून हाकलल्यावर तिने कोठारात गळफास घेतला.

त्या काळी आत्महत्या करणाऱ्यास चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. प्रेत गावाबाहेर चौरस्त्यावर पुरत. चार वाटा पाहून भूत गोंधळेल, गावात परतणार नाही, अशी समजूत! ही चाल १८२३ च्या कायद्याने बंद झाली. पण दफनभूमीत जागा मिळाली तीही रात्री ९ ते १२ या वेळेतच आणि धर्मविधीविना. वेळेचे हे बंधन १८८२ मध्ये उठले.

आता वाचकहो, कागद काय सांगतो ते पाहू. जानेवारी १८५१ मधील एका वृत्तपत्रात बातमी आहे. जेम्स ब्रायंट नावाच्या जमीनदाराची माणसे रस्त्याकडेची माती काढत असता हाडांचा सांगाडा सापडला. चौकशीअंती कळले की, तीन पिढ्यांपूर्वी फोर्डर येथील कोठारात गळफास घेतलेल्या अ‍ॅन जे हिचा तो सांगाडा. म्हणजे नाव किटी नव्हे, अ‍ॅन! मालकाच्या मुलाचा उल्लेख नाही, कारणही दिलेले नाही. ब्रायंटने हाडे पेटीत ठेवून पुन्हा पुरली व आजची कबर बांधली.

फुलांचे कोडेही अवघड नाही. जवळच राहणाऱ्या लेखिका बिअ‍ॅट्रिस चेस फुले ठेवत असत, असे सांगतात. त्या १९५५ मध्ये वारल्या. त्यानंतर येणारे-जाणारेच फुले ठेवतात. कोणी नाणे ठेवते, कोणी खेळणे.

फुले कोण ठेवतो, हे सारे विचारतात. पण अ‍ॅनवर ती वेळ का आली, हे तेव्हा कोणी लिहून ठेवले नाही. तिला पुरताना गावाला तिच्या दुःखाची नव्हे, तिच्या भुताची काळजी होती. म्हणून ही गोष्ट घरी मुलांना सांगाल तेव्हा भुताची म्हणून सांगू नका. गावाने वाटेवर टाकलेल्या एका बाईची म्हणून सांगा. अनोळखी वाटसरू वाकून फूल ठेवतो, तेव्हा गावाने नाकारलेला मान तो तिला देत असतो. त्याला पऱ्या लागत नाहीत, माणसे पुरतात.