माहिती चौकट : हुबळी-धारवाडचा चोवीस तास नळ

◆ पाणी कुठून? हुबळीतल्या कोप्पीकर रोडची गजबज असो वा धारवाडच्या गल्ल्या, जुळ्या शहरांची मुख्य भिस्त सौंदत्तीजवळच्या मलप्रभा धरणावर. जोडीला १९५५चा नीरसागर तलाव.

◆ प्रयोग : जागतिक बँकेच्या कर्जातून २००४मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीतील निवडक वॉर्डांना मीटरसह चोवीस तास पाणी मिळू लागले. या शहरांच्या बाकी भागाला काही दिवसांआड.

◆ फरक का पडतो? पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब उतरतो. मग सांध्यांतून, चिरांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. शिवाय पिंप, हंडे, कळश्या भरून ठेवाव्या लागतात. त्यांत हात बुडतो, पाणी पुन्हा नासते.

◆ पुरावा : २०१३च्या अभ्यासात ई-कोलाय जंतू काही दिवसांआडच्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत सापडले. अखंड पुरवठ्याच्या अवघ्या ०.७ टक्के नमुन्यांत.

◆ पुढे : संपूर्ण हुबळी-धारवाडसाठीच्या प्रकल्पाला २०१६मध्ये बँकेची मंजुरी मिळाली. पण नळ वाढला की सांडपाणीही वाढते. ते गोळा करून शुद्ध केल्याशिवाय नाल्यात सोडता कामा नये. नळ आणि गटार यांचे नियोजन एकत्रच व्हायला हवे.