अळीचे नाव सांगणारी शर्यत

आंबा कापला आणि गरात पांढुरकी, बिनपायांची, एका टोकाकडे निमुळती होणारी अळी आढळली, तर ती बहुधा फळमाशीची असते. कोणत्या जातीच्या फळमाशीची, असे विचारले की आमची अडचण सुरू होते. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा या आपल्याकडील जातींच्या माश्या पंखांवरील व अंगावरील खुणांवरून ओळखता येतात. अळ्या मात्र जवळजवळ सारख्याच दिसतात. अळीची माशी होईपर्यंत थांबावे, तर दोन-तीन आठवडे जातात. निर्यातीच्या पेट्या तेवढे थांबत नाहीत. मे 2014 मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, त्यामागे फळमाशीग्रस्त मालाचे कारण होते. ती पुढील वर्षी उठली.

अशा वेळी उड्डाणकाळावर आधारलेले वस्तुमानमापन उपयोगी पडते. प्रयोगशाळेत त्यास माल्डी-टॉफ म्हणतात. अळीचा लहानसा तुकडा फॉर्मिक आम्लात घोटून त्याचा थेंब धातूच्या पट्टीवर ठेवतात, त्यावर प्रकाश शोषणाऱ्या सेंद्रिय आम्लाचे द्रावण टाकून वाळवितात आणि लेसरचा झोत सोडतात. लेसरची ऊर्जा ते आम्ल शोषते. त्याच्यासह प्रथिनांचे रेणू न मोडता वर उचलले जातात आणि बहुतेकांना एकच धन विद्युतभार मिळतो. (रेणू न मोडता उचलण्याच्या शोधासाठी 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळालेले कोइची तानाका यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, हे आम्हां पदवीधारकांनी लक्षात ठेवावे!)

आता शर्यत सुरू होते. समजा, सर्व आयनांना 20,000 व्होल्टचा सारखाच धक्का देऊन एक मीटर लांबीच्या निर्वात नळीत सोडले. सारखीच ऊर्जा खर्चून ढकलल्यास रिकामी हातगाडी पुढे निघते आणि भरलेली मागे राहते, तसेच येथे घडते. 2,500 डाल्टनचे प्रथिन सुमारे 25 मायक्रोसेकंदांत शोधकावर आदळते. त्याच्या चौपट, म्हणजे 10,000 डाल्टनच्या प्रथिनास सुमारे 51 मायक्रोसेकंद लागतात. वस्तुमान चौपट झाले, तरी वेळ दुप्पटच होतो, कारण वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. साधारणतः दोन ते वीस हजार डाल्टनमधील शिखरांचा जो आलेख मिळतो, त्यावरून जात ओळखली जाते.

यंत्राला मात्र नावे ठाऊक नसतात. ते आलेख संग्रहातील आलेखांशी ताडून पाहते, आणि तो संग्रह वर्गीकरणतज्ज्ञाने माशी पाहून नाव दिलेल्या नमुन्यांवरूनच उभा राहतो. माशीच्या पायाचा आलेख अळीच्या आलेखाशी जुळत नाही. नमुना कसा टिकविला, यानेही शिखरे बदलतात. अशा संग्रहाविना यंत्र विकत घेण्याची घाई मला पटत नाही. म्हणून कीडग्रस्त फळ तपासणीस पाठविताना सर्व अळ्या मारून पाठवू नयेत. काही अळ्या फळासह, जाळीच्या झाकणाच्या बंद डब्यात जिवंत ठेवाव्यात. त्यांच्या माश्या झाल्या की त्या अळ्यांच्या आलेखास खात्रीचे नाव लागेल.