अमूर्त चित्रकार अडतो तेव्हा

निसर्गचित्र काढणाऱ्याला सुचेनासं झालं, तर तो निदान घराबाहेर पडतो. लालबागमधली गिरणीची चिमणी, दादरचा फूलबाजार, काहीतरी समोर असतं. त्याकडे बघत हात पुन्हा चालू लागतो. अमूर्त चित्रकाराला हा आधार नाही. त्याच्यापुढे कॅनव्हास, रंग आणि स्वतःचीच आधीची चित्रं, एवढंच. म्हणून त्याला ‘विषय शोध’ सांगणं व्यर्थ आहे, आणि प्रेरणेची वाट बघायला सांगणं तर घातकच. त्याची सुटका, मला वाटतं, साधनांतून आणि कामाच्या पद्धतीतून होते.

वासुदेव गायतोंडे हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. गिरगावच्या चाळीत वाढलेला, १९४८ साली जे. जे.मधून पदविका घेतलेला हा चित्रकार एरवीही वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे करायचा. दोन चित्रांमधला काळ रिकामा गेला, असं ते मानत नसत. बघणं आणि विचार करणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. प्रत्यक्ष कामात मात्र लहरीला फारसा वाव नव्हता. रोलरने पातळ रंगाचा थर द्यायचा, सुरीने खरवडायचा, फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी रंग उचलायचा, मग पुढचा थर. प्रत्येक थर पुढच्या थराला काहीतरी प्रश्न घालतो, आणि चित्रकाराला शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. १९८४ च्या सुमारास दिल्लीत झालेल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास बरीच वर्षं थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटनं केली. पुढे ते तैलरंगाकडे परतले. २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात २९ कोटींहून अधिक किमतीला गेलेला कॅनव्हास १९९५ चा, म्हणजे या खंडानंतरचा आहे.

यावर कुणी म्हणेल, तिथे अडलं होतं ते शरीर, मन नव्हे. खरं आहे, आणि दोन्ही एकच मानू नयेत. पण कारण कोणतंही असो, मोठं काम शक्य नसताना छोट्या कागदाने हाताची सवय टिकवली, हे नाकारता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: गायतोंडे एकटे राहिले, त्यांना थांबणं परवडलं, परळच्या दोन खोल्यांत संसार आणि नोकरी सांभाळणाऱ्याने काय करावं? त्याने प्रभाकर बरवे यांच्याकडे बघावं. १९६१ पासून ते विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. ती करतानाच त्यांनी दारं-खिडक्या रंगवायचा इनॅमल कॅनव्हासवर आणला, आणि वर्षानुवर्षं वह्यांमध्ये रेखाटनं, टिपणं, चित्रांविषयीचे विचार नोंदवले. त्याच चिंतनातून ‘कोरा कॅनव्हास’ हे मौजेने काढलेलं पुस्तक उभं राहिलं. वहीला स्टुडिओ लागत नाही, सलग दुपारही लागत नाही. नोकरीवरून परतल्यावर अर्धं पान भरलं, तरी दुसऱ्या दिवशी सुरुवात करायला काहीतरी हाताशी असतं.